अमावस्या पाळणारी फाइल

मंगलाअक्कांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या दुकानातल्या जुन्या इलेक्ट्रिक बोर्डानेही दिले नसतील. बोर्डाला निदान हात तरी लावावा लागतो. अक्का नुसत्या शेजारी होत्या आणि तेवढं पुरत होतं.

जळगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दशक्रियेची कार्डं आणि वर्ष संपत आलं की दिनदर्शिका. माझ्या शेजारच्या शटरमध्ये अक्कांचं मधाचं दुकान होतं. असोद्याहून रोज स्कूटीवर यायच्या, डोक्याला स्कार्फ गच्च बांधून. आधी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्या शिकवायला होत्या. ती नोकरी वेळेआधी सोडून त्यांनी मधमाश्या पाळायला घेतल्या, तेव्हा असोद्यात लोकांनी म्हणे तोंडात बोटं घातली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरं वर्षभर शिकून काही करत नव्हती. माश्या न शिकवता कामाला लागतात. मले कोण परवडणार, तूच सांग."

मधाच्या बाटल्या पुढे मांडलेल्या असायच्या, पण खरा धंदा पेट्यांचा होता. कांद्याच्या बियाण्यासाठी राखलेले डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलोऱ्यावर आले, सूर्यफूल फुललं, डाळिंबाला कळी लागली की शेतकरी अक्कांच्या पेट्या शेतात ठेवून घ्यायचे. माश्या फुलांवर फिरल्या की बी भरतं. टेम्पोत घालून त्या पेट्या जळगावहून धुळ्याकडे, धुळ्याहून चाळीसगावकडे अशा फिरत राहायच्या. यात धोका एकच, पण जीवघेणा. माश्या फुलांवर असताना शेतकऱ्याने औषध फवारलं तर सगळं संपलं. म्हणून फवारणी सुरू व्हायच्या आत पेट्यांची दारं बंद करायची आणि पेट्या उचलून लांब न्यायच्या. कोण कधी फवारणार हे ठाऊक असणं, यावर त्या माश्यांचा जीव होता. पहिल्या वर्षी अक्कांनी सगळं डोक्यात ठेवलं, एक फवारणी विसरल्या आणि काही पेट्या गेल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला. पण आपल्या विसरण्यापायी पुन्हा एकही माशी मरू द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यासाठी त्यांनी जे उभं केलं, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं यांचा लॅपटॉप बिघडला. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, रंगीत बटणं नाहीत, माऊसचा बाण कुठे दिसेना. मी माणुसकीच्या नात्याने म्हटलं, अक्का, माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे, बोलावू का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईने मध चाखायला घेतला.

ती होती एक साधी मजकुराची फाइल, एका जुन्या एडिटरमध्ये उघडलेली. ओळीच्या सुरुवातीला एक तारा टाकला की ते शीर्षक, दोन टाकले की त्याच्या पोटातलं काम. शीर्षकावर एक बटण दाबलं की खालचं सगळं मिटायचं, पुन्हा दाबलं की उघडायचं. कामापुढे एक शब्द लिहायचा, 'बाकी', 'चालू' किंवा 'झालं', आणि शेवटी कंसात तारीख. सकाळी दुकान उघडल्यावर अक्का एक बटण दाबायच्या, की एडिटर सारी फाइल चाळून त्या दिवसाची कामं एका पानावर काढून द्यायचा. त्याला त्या 'आजचं पान' म्हणायच्या. आजच्या पानावर असेल ते करायचं, नसेल ते नाही. देवपूजेसारखी ही त्यांची सकाळ असे, फक्त देवाला त्या इतक्या बारकाईने बघत नसाव्यात.

"लिहिलं ना? मग विसर," हे त्यांचं पालुपद. लक्षात ठेवणं हे माणसाचं काम नाही, माणूस त्यात वाया जातो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आणि त्या खरोखर विसरायच्या. भाच्याचं लग्न कधी आहे विचारलं तर म्हणायच्या, मला काय ठाऊक, फाइलला विचार. एकदा मी सहज त्यांच्या पडद्यावर डोकावलो तर आजच्या पानावर ओळ होती, 'वहिनीशी अबोला, बुधवारपर्यंत.' मी चाटच पडलो. रागसुद्धा तारखेने? त्यावर त्यांचं उत्तर असं की राग लिहून ठेवला नाही तर तो जन्मभर चालतो, हा बुधवारी आपोआप संपतो. बुधवारी त्या खरंच वहिनीसाठी चौकातून गरम जिलबी घेऊन गेल्या. वहिनीला मात्र जिलबी का आली ते कधी कळलं नसेल.

फाइलपेक्षा त्यांचा जीव फाइलच्या सेटिंगमध्ये जास्त होता. ती सेटिंगची फाइल वेगळी. काय कसं दिसावं, कोणता शब्द कोणत्या रंगात यावा, सगळे हुकूम तिच्यात. प्रत्येक हुकुमाच्या वर अक्का मराठीत कारण लिहायच्या. "पुढच्या वर्षी हे वाचणारी बाई म्हणजे मी नाही," असं त्या म्हणत, "ती कोणी दुसरीच असणार. तिला समजावून सांगायला नको?" त्यामुळे ती फाइल वाचायला मजा यायची. 'उशीर झालेलं काम लाल दाखव, कारण मला लाज वाटली पाहिजे,' असं त्यात एके ठिकाणी होतं.

सेटिंग बिघडायचंही अधूनमधून. एकदा त्यांनी तीन शब्दांपुढे चौथा शब्द जोडला, 'थांबलं'. दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेल्या कामांना तो शब्द. दुसऱ्या दिवशी आजच्या पानावरून अशी सगळी कामं गायब. कारण एडिटर त्या रांगेतला शेवटचा शब्द म्हणजे काम संपलं असं धरतो, आणि अक्कांनी 'थांबलं' नेमकं शेवटी लिहिलं होतं. संपलेली कामं कुठपर्यंत आणि चालू कुठपर्यंत हे मध्ये एक उभी रेघ मारून सांगावं लागतं. ती रेघ मारून 'थांबलं' तिच्या अलीकडे, चालू कामांच्या बाजूला घेतल्यावर अडलेली सगळी कामं निमूटपणे परत आली.

पण चूक शोधायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. त्या कधी अंदाज करत नसत. सेटिंगची फाइल अर्धी झाकायची, म्हणजे तेवढे हुकूम बंद करायचे, आणि एडिटर पुन्हा चालू करून बघायचं. बिघाड गेला तर चूक झाकलेल्या अर्ध्यात, राहिला तर उघड्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं, शेवटी एक ओळ हातात उरते. माझी लग्नपत्रिकेची फाइल अडकली तेव्हा त्यांनी ती अशीच मोकळी केली. माझ्या त्या झटका देणाऱ्या बोर्डाची वायरही अशीच सापडली. इथवर ठीक होतं. माझ्या बायकोच्या अंगावर पित्त उठायचं, तिचंही अक्कांनी मनावर घेतलं. अर्धं स्वयंपाकघर बंद, मग उरलेल्याचं अर्धं बंद. शेवटी सापडलं काय, तर वांगं. आमच्या खानदेशात बाईला भरीत वर्ज्य सांगणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. बायको कितीतरी दिवस अक्कांच्या दुकानावरून मान फिरवून जात होती. पित्त मात्र गेलं.

आता अमावस्येचं सांगतो.

आमच्याकडे अमावस्येला शेतात मजूर येत नाहीत. बैल जुंपत नाहीत, नवं काम काढत नाहीत, फवारणीही दुसऱ्या दिवसावर टाकतात. अक्कांचा टेम्पोवालाही त्या दिवशी गाडी बाहेर काढायचा नाही. अक्का स्वतः काही पाळत नसत, पण जग पाळत होतं. त्यामुळे दर महिन्याला तो दिवस आला की आजच्या पानावर पाच-सहा कामं यायची, एकही व्हायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळी लाल होऊन बसायची. लाल अक्षरं पाहून अक्कांचा दिवस खराब जायचा. शेवटी त्यांनी ठरवलं की फाइललाच अमावस्या कळली पाहिजे. दिनदर्शिका छापतो म्हणून तिथीच्या तारखा मी दिल्या. बरेच दिवस खटपट करून त्यांनी सेटिंगमध्ये एक हुकूम लिहिला. अमावस्या असेल त्या दिवशीची शेतावरची कामं आजच्या पानावर दाखवायची नाहीत, दुसऱ्या दिवशीच्या पानावर न्यायची.

ते चाललं तेव्हा मी थक्क झालो. काळ्या पडद्यावरचा तो कोरडा एडिटर, जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोणी लिहिलेला, आणि तो आमच्यासारखी अमावस्या पाळतो! मी बाजारात चार दुकानदारांना हाताला धरून आणून ते दाखवलं. अक्का वरवर नको नको म्हणत होत्या, पण इतकं लाजताना मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

पुढच्याच वर्षी, डोंगळे फुलले होते त्या दिवसांतली गोष्ट. धुळ्याच्या पलीकडे भटूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात अक्कांच्या निम्म्याहून जास्त पेट्या होत्या. त्या दिवशी अमावस्या. अक्कांनी दुकान उघडलं, बटण दाबलं, आजचं पान रिकामं. मला हाक मारून म्हणाल्या, आज सुट्टी, चहा सांग. आम्ही निवांत चहा घेत होतो तेव्हा भटूभाऊचा फोन आला. अक्का फोन खाली ठेवून म्हणाल्या, "सुभाष, गाडी काढ."

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. अक्का लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बंद. मी काय झालं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या की फवारलं.

मी शेतात आयुष्यात फारसा गेलेलो नाही, पण मधमाश्यांच्या पेट्यांजवळ केवढा आवाज असतो ते मला माहीत होतं. तिथे गाडीतून उतरलो तर काहीच आवाज नव्हता. पांढऱ्या फुलांचे गोंडे उन्हात उभे, औषधाचा उग्र वास, आणि बांधाला ओळीने लावलेल्या पेट्यांपुढची जमीन काळपट तपकिरी दिसत होती. मी दोन पावलं पुढे गेलो आणि पायाखाली काही चुरचुरलं म्हणून खाली बघितलं. ती माती नव्हती. काही माश्या अजून जिवंत होत्या, पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, सोंड बाहेर आलेली. पाय उचलायचा तर ठेवायचा कुठे हेच कळेना.

अक्का गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यांनी माश्या घेतल्या आणि बघत राहिल्या. भटूभाऊ आणि त्याची बायको बांधावर उभे होते, त्यांच्या मागे गावातली आणखी माणसं. भटूभाऊचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"अक्का, मी तुमले सांगेल व्हतं ना," तो म्हणाला. "ड्रोनवाला याच दिवशी येस, असं सांगेल व्हतं. तुम्ही म्हनात लिखी लिधं. मंग मी निवांत व्हयनू. धुळाले गयथू. मी येवाना आधीच त्यास्नी अर्धं वावर मारी टाकं." अक्कांनी लिहून घेतलं म्हणून तो निर्धास्त धुळ्याला गेला होता, आणि परतायच्या आत फवारणीच्या ड्रोनने अर्धं शेत मारलं होतं.

कोणीतरी मागून विचारलं, अमावस्येला फवारणी कशी काय? भटूभाऊने मानही वळवली नाही. "अमावस माणसंसले शे, भाऊ. ड्रोनले कसानी अमावस? भाड्यानं मशीन, त्यास्ना नंबर लागना का येतस."

मला वाटलं आता अक्का रडतील, नाहीतर भटूभाऊवर तुटून पडतील. मी तर मनातून तयारच होतो. पेट्या समोर दिसत असताना फवारलंच कसं, कोणाची अक्कल कुठे गेली होती, सगळं ओठांवर आलं होतं. अक्कांनी ओंजळीतल्या माश्या एका पेटीच्या झाकणावर ठेवल्या. दुसऱ्या पेटीच्या झाकणावर लॅपटॉप ठेवला आणि उघडला.

मला आधी कळलंच नाही त्या काय करताहेत. त्यांनी फाइल उघडली. भटूभाऊचं शीर्षक, त्याखाली काम, 'पेट्या उचलणे, ड्रोन', तारीख आजचीच, बरोबर. मग आजचं पान काढलं. रिकामं. मग त्यांनी सेटिंगची फाइल उघडली, अर्धी झाकली आणि एडिटर पुन्हा चालू केला.

मेलेल्या माश्यांच्या मधोमध बसून ही बाई सेटिंग तपासत होती. मला भीती वाटली. खरंच सांगतो, त्या माश्यांपेक्षा जास्त मला त्या क्षणी अक्कांची भीती वाटली. मी म्हटलं, "अक्का, आता काय उपयोग? उठा."

"माझं काय चुकलं ते कळल्याशिवाय मी इथून उठणार नाही," त्या म्हणाल्या.

पुन्हा अर्धं, पुन्हा बंद-चालू. भटूभाऊच्या बायकोने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. मला उत्तर केव्हाच समजलं होतं. त्यांनाही समजलं असणार, मोटारीत बसल्यापासूनच. तरी त्यांनी एकही पायरी गाळली नाही. शेवटी पडद्यावर एकच हुकूम झाकायचा राहिला. तो झाकला आणि बटण दाबलं. रिकाम्या पानावर ओळ उमटली, 'भटूभाऊ, पेट्या उचलणे, ड्रोन.' हुकुमाच्या वर अक्कांच्याच शब्दांत कारण लिहिलेलं होतं, 'अमावस्येला कोणी शेतात काम करत नाही.'

अक्का उभ्या राहिल्या. साडीला माती आणि माश्या चिकटलेल्या, त्यांनी झटकल्या नाहीत. त्या सगळ्या माणसांकडे तोंड करून त्यांनी भटूभाऊला हात जोडले. "यानं मला सांगितलं होतं. मी लिहिलं होतं. फाइलनं दाखवलं नाही, कारण तिला अमावस्या पाळायला मीच शिकवलं. याच्यावर बोट ठेवू नका."

भटूभाऊ मोठा रांगडा गडी, तो तिथेच खाली बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. मलाही आवरलं नाही. अक्का तेवढ्या कोरड्या होत्या. मला आजही त्याचं नवल वाटतं आणि थोडा रागही येतो, की निदान भटूभाऊला काहीतरी बोलायला हवं होतं. दारं बंद नाहीत हे त्याच्या घरातल्या कोणालाच दिसू नये?

त्यानंतर अक्कांनी तो हुकूम पुसला नाही. झाकून ठेवला आणि वरच्या कारणाखाली आणखी एक ओळ लिहिली. ती त्यांनी मला वाचू दिली, 'हे मी गृहीत धरलं. माश्या मेल्या.' पुढे काही दिवस दुकान उघडं होतं. मध विकला जात होता, लोक हळहळायला येत होते. सकाळी त्या बटण दाबायच्या, पान निघायचं, पण आता त्या पानावर थांबत नसत. एकेका शेतकऱ्याला फोन लावायच्या. ज्याचं काम पानावर आहे त्यालाही आणि ज्याचं नाही त्यालाही. तुमचं काही नाही ना आज? नक्की नाही ना? शेतकरी कंटाळले. एकाने माझ्याकडे येऊन सांगितलं, अक्कांना समजवा, दिवसाला तीनदा विचारतात. मी काय समजावणार? मी एकदा धीर करून म्हटलं की अक्का, तुम्हीच म्हणता ना, लिहिलं की विसरायचं. त्यांनी पुढचा नंबर लावला. मी परत तो शब्द काढला नाही.

पावसाळ्याआधी त्यांनी दुकान सोडलं. उरलेल्या पेट्या घेऊन धुळ्याकडे बहिणीकडे गेल्या. बाकावर बसून एकत्र चहा पिणारं माणूस गेलं की दुकानदारी किती रिकामी होते, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या हंगामात पत्रिकांच्या कामासाठी मी धुळ्याला गेलो होतो. परतताना रस्त्यालगतच्या एका शेतात पेट्यांची ओळ दिसली म्हणून गाडी थांबवली. अक्काच होत्या. दुपारचं ऊन डोक्यावर, त्या बांधावर उकिडव्या बसलेल्या. पेट्यांची दारं जाळीने बंद, आतल्या माश्या उकाड्याने गुदमरू नयेत म्हणून वर ओली गोणपाटं टाकलेली. बाजूला पाण्याच्या दोन कळश्या. पलीकडच्या कोणाच्या तरी वावरावर ड्रोन फिरत होता, गोंगाट करत, मागे औषधाचा पांढरा पडदा सोडत. अक्का त्याच्याकडे बघत होत्या. लॅपटॉप कुठे दिसत नव्हता.

केस पार पिकले होते. वर्षभरात माणूस इतकं उतरतं हे मला खरंच वाटेना. मी हाक मारली. त्यांनी न वळता हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. ड्रोन वावराच्या टोकाला गेला, वळला, परत आला. वाऱ्याची दिशा बदलली तशा त्या उठल्या, कळशी उचलून एकेका गोणपाटावर पाणी ओतत गेल्या, पुन्हा येऊन बसल्या. मी मदतीला पुढे झालो तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

"तू नको. तू माझ्याशी बोलशील अन् माझं लक्ष जाईल."

मी रस्त्यावर येऊन गाडीत बसलो. निघताना आरशात पाहिलं, त्या तशाच ड्रोनकडे तोंड करून बसल्या होत्या.